पुरात बुडालेली महिंद्राची एमएम ५४० जीप उभी केली, पण तारळ्याच्या चढाला सारखी बंद पडतीय (अर्जंट मदत पाहिजे)

पूरग्रस्त५४० | मंगळवार, सकाळी ११.४०

नमस्कार मंडळी. तीन वर्षं नुसता वाचत होतो, आज पहिला धागा काढतोय आणि तोही अडकलो म्हणून. तारळ्यात एका टपरीवर बसलोय, जीप समोर झाडाखाली बॉनेट उघडं टाकून उभी आहे, पाऊस भुरभुरतोय. ज्यांना घाई आहे त्यांनी खाली "आजचं दुखणं" लिहिलंय तिथनं वाचा. बाकीच्यांना पहिल्यापासून सांगतो, कारण कुठलाही मिस्त्री आधी हेच विचारतो की यात कुणी कुणी हात घातलाय.

गाडी एमएम ५४०, १९९१ ची, एमएच १० पासिंग. प्यूजोचं एक्सडीपी ४.९० इंजिन, २११२ सीसी, चार गिअरचा केएमटी ९० बॉक्स. माझ्या थोरल्या चुलत्यांची, आप्पांची. कर्नाळ रोडला त्यांचं शेड होतं, तिथंच ऑगस्ट २०१९ ला ती बुडाली. आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं तेव्हा, सांगलीकरांना वेगळं सांगायला नको. आम्ही माणसं आणि म्हशी काढल्या, जीप राहिली. आठ दिवसांनी पाणी उतरल्यावर बघितलं तर काचेच्या फ्रेमपर्यंत गाळाची रेघ. माझा मेव्हणा म्हणाला ट्रॅक्टरनं ओढून गिअरात टाकून स्टार्ट करू, आप्पा त्याच्यावर असे ओरडले की बिचारा दोन दिवस घरी आला नाही. पण आप्पांचंच बरोबर होतं. सिलिंडरात पाणी असताना इंजिन फिरवलं की पाणी काय दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. आम्ही चारी नोझल आणि हिटर प्लग काढले, हँडलनं हळूहळू फिरवलं तर आधी हलेनाच, मग सुटलं आणि तपकिरी पिचकारी थेट माझ्या शर्टावर. आत डिझेल आणि ऑइल ओतून ताडपत्री टाकून ठेवली. मग लॉकडाऊन, मग २०२१ ला आप्पा गेले, आणि जीप तिथंच.

भंगारवाला दोनदा येऊन गेला. दुसऱ्या वेळी काकूंनी त्याला चहा दिला आणि सांगितलं, चहा पी आणि जा.

२०२२ च्या दिवाळीनंतर मिरजेत एका ओळखीच्या मिस्त्रींकडे टाकली. उघडल्यावर काय काय निघालं ते बघून रडू यायचं बाकी होतं. गिअर बॉक्सचं ऑइल म्हणजे दुधाचा चहा, दोन्ही डिफरन्शियलचं तसंच. चारी ड्रम हातोडीनं ठोकून ठोकून काढले, व्हील सिलिंडर जाम. बेअरिंग सगळे गंजलेले. आणि चॅसिसच्या पोकळीतनं पोयटा निघाला, वाळून कडक झालेला, पाटीभर. मिस्त्री म्हणाले नदीकाठच्या मळीतली माती हाय, कुंडीत घाला, गुलाब चांगला येईल. काकूंनी खरंच घातली.

लायनर-पिस्टनचा सेट पुण्याला नाना पेठेत मिळाला, क्रँक ग्राइंडिंग आणि हेडचं फेसिंग कोल्हापूरला उद्यमनगरात केलं, फ्लोअरचा पत्रा पूर्ण नवा, वायरिंग नवं, ब्रेकचं सगळं नवं (चारीही ड्रमच ठेवले), डिझेलचे रबरी पाईप नवे, फिल्टर नवा. टाकी रेडिएटरवाल्याकडं दिली होती, त्यानं आत खडी आणि साखळी टाकून हलवून धुतली आणि आतनं कोटिंग मारून दिलं. रंग आप्पांच्या वेळचाच क्रीम. पुतण्याचा हट्ट होता मिलिटरी हिरवा द्या, त्याला सांगितलं बाबा तो रंग लष्कराच्या गाड्यांनाच, केंद्रीय मोटार वाहन नियमात १२१ नंबरचा नियमच आहे तसा.

कागदपत्रांचा वेगळा धागा होईल. आरसी २०२१ लाच संपलेली, २०२४ ला नूतनीकरण केलं तर ५००० फी, वर उशीर झाला म्हणून महिन्याला ५०० प्रमाणे दंड, ग्रीन टॅक्स, फिटनेस. मग ती नवीन नंबरप्लेट. असो.

आजचं दुखणं. गावात, मिरजेला, माधवनगरला फिरवली, कधी कुरकुर नाही. आज पहिल्यांदा लांब काढली. सांगली, पेठ नाका, कराड, मग हायवे सोडून तारळे, तिथनं सडावाघापूरच्या पठारावर जाऊन उलटा धबधबा बघून पाटणला उतरायचं आणि मुक्काम कोयनानगर असा बेत. सोबत काकू आणि पुतण्या. कराडच्या अलीकडं एकदा जरा ओढ कमी वाटली, म्हटलं वारं असेल समोरचं. तारळ्याच्या पुढं चढ लागला, तिसऱ्यातनं दुसऱ्यात टाकली, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलाय आणि गाडी मरत मरत चाललीय, धूर नाही काही नाही, आणि बंद. पंचवीस मिनिटं थांबलो, डिझेल हातानं ओढायचा हातपंप मारला, चालू. पुन्हा चढाला लागलो, पुन्हा बंद. तीनदा झालं. शेवटी उताराला न्यूट्रल न टाकता हळूच खाली आणून तारळ्यात लावली. टेंपरेचर नॉर्मल, ऑइल प्रेशर ठीक. काय बघू?

---

कराडी_डिझेल | ११.५२

आधी फुकटातलं बघा. टाकीचं झाकण उघडा, सूं आवाज येतोय का? झाकणाचं हवेचं भोक बुजलं असलं तर आत व्हॅक्यूम होतो आणि डिझेल येत नाही. नंतर फिल्टरवरचा एअरचा स्क्रू ढिला करून हातपंप मारा, बुडबुडे येतात का बघा. नवीन रबरी पाईप टाकलेत म्हणताय ना, नव्या पाईपाचे क्लिप ढिले असतातच.

बाकी रिस्टोरेशनला मुजरा राव.

मिरजेचा_मी | ११.५५

लगा इतका खर्च केलास त्यात सरळ नवीन कॉमन रेलचं इंजिन बसवायचं की. ह्या बाबा आदमच्या इंजिनाचे लाड कशाला.

सज्जनगडी | ११.५८

@मिरजेचा_मी, आरं इंजिन बदललं की आरटीओची परवानगी, आरसीवर नोंद, सगळं आलं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाच जरा. आणि त्या जीपला काय कळणार ती आप्पांचीच आहे ते, जर इंजिनच दुसऱ्याचं असलं तर.

पूरग्रस्त५४० | १२.२०

झाकण उघडलं, आवाज नाही. तरी झाकण ढिलं ठेवून परत चढाला नेली, तेच. एअर काढली, बुडबुडे अजिबात नाहीत, डिझेल सरळ येतंय. हातपंप तेवढा जरा जड लागतो पण नवीन आहे म्हणून असेल.

काकूंनी टपरीवाल्याच्या बायकोशी गट्टी केलीय, आतनं गरम भाकरीचा वास येतोय. मुक्काम इथंच पडला तर उपाशी मरणार नाही.

ड्रमब्रेक | १२.२८

मला विचारशील तर नोझलला प्रेशरनं डिझेल देणारा मोठा पंप गेलाय. क्लासिक लक्षण आहे. जुना पंप आतनं झिजला की गार असताना डिझेल जाडसर असतं म्हणून प्रेशर धरतो, गरम झाला की डिझेल पातळ होतं, झिजलेल्या फटीतनं निसटतं, नोझलला प्रेशर पोचत नाही. टेस्ट सोपी आहे: बंद पडली की पंपावर ओलं फडकं टाक, गार पाणी शिंपड, वीस मिनिटांनी स्टार्ट कर. झाली चालू तर पंप. आमच्या ट्रॅक्टरचं हेच झालं होतं.

पूरग्रस्त५४० | १.३५

टेस्ट केली. काकूंचा टॉवेल भिजवून पंपावर टाकला, वर दोन बाटल्या पाणी. वीस मिनिटांनी एका सेल्फमधे चालू!! म्हणजे पंपच. पंप मी रिपेअर नव्हता केला, मिस्त्री म्हणाले होते की चालतोय तोवर चालू द्या. आता इथं पंपाचं काम कोण करणार, टोचन करून कराडला न्यावी लागणार वाटतं. कुणाला कराडचा चांगला पंपवाला माहीत आहे का?

ड्रमब्रेक | १.३८

बोललो होतो 😎

कराडी_डिझेल | १.४१

आहे माझ्या ओळखीत एकजण, पण पावसाळ्यात त्याच्याकडं ट्रॅक्टरची रांग असते. आठवडा धरून चाला. व्यनि (खाजगी निरोप) करतो.

जिप्सीवाली_वाई | १.५०

एक मिनिट थांबा, टोचनवाल्याला फोन करू नका.

दादा तुम्ही पहिल्या पोस्टमधे लिहिलंय की पंचवीस मिनिटं थांबलो, हातपंप मारला, चालू झाली. तेव्हा ओलं फडकं होतं का? नव्हतं. म्हणजे नुसतं थांबलं तरी ती चालू होतेच. मग आज फडकं टाकून वीस मिनिटं थांबलात आणि चालू झाली, यात फडक्यानं काय केलं आणि वीस मिनिटांनी काय केलं हे कसं कळणार? ह्या टेस्टला अर्थ तेव्हाच, जेव्हा फडकं टाकल्यावर दोन मिनिटांत चालू होईल आणि न टाकता होणार नाही.

आणि असं थांबलं की बरं होणारं अजून एक दुखणं असतं. टाकीत कचरा असला की तो सक्शनच्या नळीला जाऊन चिकटतो, इंजिन बंद झालं की ओढ थांबते, कचरा हळूहळू सुटून खाली बसतो, परत चालू. माझ्या जिप्सीला पेट्रोलच्या टाकीत झाकणाच्या रबराचा तुकडा पडला होता, महाबळेश्वरच्या घाटात चारदा बंद पडली, चारदा "आपोआप" बरी झाली. घरचे म्हणायला लागले गाडीला दृष्ट लागलीय, लिंबू बांध.

काका_डेपोवाले | २.०५

वाईची पोर बरोबर बोलतीय. मी एसटीच्या वर्कशॉपात हयात घालवली, मला एवढं सांगा, हातपंप जड लागतो म्हणजे नक्की काय? दाबताना जड की सोडताना जड? इतक्या मोठ्या पोस्टीत कामाचं वाक्य ते एकच आहे आणि तुम्ही सगळे त्याच्यावरनं उडी मारून गेलात.

पूरग्रस्त५४० | २.१५

काका आत्ता मारून बघितला. दाबायला हलका आहे. वर यायला जड. म्हणजे कुणीतरी खालून धरून ठेवलंय असं वाटतं. आता थोडा वेळ उभी आहे तर जरा हलका झालाय, मघाशी बंद पडली तेव्हा जास्त जड होता.

काका_डेपोवाले | २.२०

झालं मग. वर येताना जड म्हणजे टाकीकडनं ओढताना अडतंय. एअर घेत असती तर हातपंप उलट हलका, फुसका लागला असता आणि बुडबुडे आले असते. दोन्ही नाही. फीड पंपाच्या (टाकीतनं डिझेल ओढणारा छोटा पंप) अलीकडं, टाकीच्या बाजूला चोक आहे. पंपाला उगाच बदनाम करू नका.

आता खात्री करायची. पाच लिटरचा रिकामा कॅन घ्या, गोडेतेलाचा चालेल, स्वच्छ धुऊन पूर्ण वाळवा, पाण्याचा थेंब राहिला तर माझ्या नावानं बोंबलू नका. डिझेल भरा. हार्डवेअरच्या दुकानात पारदर्शक नळी मिळते ती आणा. गाडी चढाला न्या, बंद पडू द्या. बंद पडली की थांबायचं नाही, फडकं नाही, पाणी नाही. फीड पंपाला टाकीकडनं येणारा पाईप काढा, तिथं कॅनची नळी लावा, एअर काढा, गरम इंजिनावरच सेल्फ मारा. चालू झाली तर टाकी. नाही झाली तर पंप, मग ड्रमब्रेकला पेढे द्या, सातारचे कंदी.

ड्रमब्रेक | २.२२

काका पेढे तयार ठेवा 🙂

पूरग्रस्त५४० | ४.४०

मंडळी!!!

कॅन टपरीवालीनं दिला, शेंगदाणा तेलाचा, तिनंच गरम पाण्यानं धुतला आणि चुलीपाशी वाळवला. नळी तारळ्यातच मिळाली. चढाला नेली, सात-आठ मिनिटांत मेली. पुतण्याला मोबाईलवर वेळ लावायला सांगितलं होतं. पाईप बदलून एअर काढून सेल्फ मारेपर्यंत सहा मिनिटं, इंजिन हात लावू देत नव्हतं इतकं गरम, आणि पहिल्या अर्ध्या सेल्फमधे चालू. नुसती चालू नाही, दुसऱ्यात असा चढ ओढला की काकू मागनं म्हणाल्या "आता आप्पा चालवायचे तशी चालली". काय बोलू.

कॅन पुढच्या सीटपाशी पुतण्याच्या मांडीवर, नळी बॉनेटमधनं, असं ध्यान करून सडावाघापूरला वर पोचलो. वर धुकं इतकं की पवनचक्कीचं पातं फक्त ऐकू येतंय, दिसत नाही. धबधब्यापाशी उभं राहिलं की खालून पाणी उलटं तोंडावर. काकूंनी छत्री उघडली, ती पण उलटी.

पण आता एक नवीनच. धबधब्यापासनं परत निघालो, दोन किलोमीटरही नाही गेलो, बंद. कॅन बघितला तर रिकामा! चार लिटर डिझेल कुठं गेलं? खाली सांडलेलं नाही, पाईप कोरडे आहेत. एवढं तर विमान पीत नाही.

काका_डेपोवाले | ४.४३

रिटर्नचा पाईप कुठाय?

पूरग्रस्त५४० | ४.४४

कुठला?

जिप्सीवाली_वाई | ४.४६

😂😂 अहो दादा, पंपाला लागतं त्यापेक्षा जास्त डिझेल येतं, उरलेलं रिटर्नच्या पाईपनं परत टाकीत जातं. तुमचं कॅनमधलं डिझेल सगळं टाकीत गेलंय, सुखरूप आहे. रिटर्न पण कॅनमधे सोडायला पाहिजे होता.

काका_डेपोवाले | ४.४७

चुकी माझी. सांगायचं राहिलं. आमच्या वेळी पोरांना सांगायला लागायचं नाही.

मिरजेचा_मी | ४.५०

आपलंच डिझेल आपल्याच टाकीत, तरी गाडी बंद. नाद खुळा.

सज्जनगडी | ४.५८

वर अडकला असाल तर एक जुगाड. टाकीकडनं येणारा पाईप काढलेला आहेच, त्यात उलटी हवा मारा, सायकलचा किंवा टायरचा पंप असेल तर. टाकीत गुडगुड ऐकू येईल. चिकटलेलं तात्पुरतं सुटतं. झाकण उघडं ठेवून मारा. मग टाकीचाच पाईप जोडा आणि उतार उतरून घ्या, उताराला डिझेल कमी लागतं, चालून जाईल.

पूरग्रस्त५४० | ६.१५

पाटणमधनं लिहितोय, उतरलो एकदाचे. टायरचा फूट पंप गाडीत होता, हवा मारली, पहिल्यांदा काही नाही, पायाला जोर देऊन मारल्यावर एकदम "भक्" झालं आणि मग गुडगुड. जोडून चालू केली, बंद नाही पडली.

पण वर सड्यावर चिखलात एक चाक फिरायला लागलं म्हणून फोर-बाय-फोर टाकली होती, डांबरी लागल्यावर काढायची विसरलो, तीन-चार किलोमीटर तशीच आलो. आता दांडा निघेना, लाथ मारली तरी नाही. स्टिअरिंग वळवलं की गाडी अडून अडून चालतीय. मोडलं काय आत?

जिप्सीवाली_वाई | ६.२१

काही मोडलं नाही, लाथा बंद करा. चिखलात चाकं थोडी घसरतात म्हणून पुढच्या-मागच्या चाकांतला फरक निघून जातो, डांबरावर घसरत नाहीत, वळणावर पुढची चाकं जास्त अंतर जातात आणि मागची कमी, तो पीळ सगळा शाफ्टमधे भरून राहतो. दांडा त्या पिळानं आवळलाय. रिकामी जागा बघून सरळ रिव्हर्समधे आठ-दहा फूट जा, जाता जाताच दांड्यावर हलका जोर ठेवा. सुटेल. नाही सुटला तर एक पुढचं चाक जॅकनं उचला, मागच्या चाकांना दगड लावून.

पूरग्रस्त५४० | ६.३०

रिव्हर्सला सहा फुटांत "टक्" करून सुटला. ताई तुम्हाला सांगलीचं भडंग पाठवतो, पत्ता व्यनि करा.

कोयनानगर आज नाही, पाटणलाच मुक्काम. सकाळी परत सांगली.

ड्रमब्रेक | ६.४०

पेढ्यांचं माझ्याकडं लागलं. काकांना आणि ताईंना दोघांना. पण आमच्या ट्रॅक्टरचा पंपच होता बरं का.

काका_डेपोवाले | ६.५२

ट्रॅक्टरचा पण बघायला पाहिजे होता.

---

पूरग्रस्त५४० | रविवार, रात्री ९.१०

टाकी उघडली. फोटो चढत नाहीयेत म्हणून लिहूनच सांगतो.

परतीच्या वाटेत पेठ नाक्याच्या अलीकडं एकदा पुन्हा बंद पडली, परत हवा मारली, घरी. शनिवारी मिस्त्रींकडं टाकी उतरवली, सगळं डिझेल मलमलच्या कापडातनं गाळून ड्रममधे काढलं. कापडावर काय राहिलं तर करड्या रंगाचे पापुद्रे. नखाएवढे, काही रुपयाएवढे, एक तर चांगला तळहातावर मावेल एवढा, पातळ, ओल्या पापडासारखा लवचिक. ते रेडिएटरवाल्यानं मारलेलं कोटिंग. सोलून निघालंय. सक्शनच्या नळीच्या टोकाला जाळी आहे, बरोबर तेवढ्या आकाराचा एक पापुद्रा काढून जाळीवर ठेवून बघितला, डबीला झाकण बसावं तसा बसला. मिस्त्रींनी नळीचं दुसरं टोक तोंडात धरून ओढून बघितलं, गाल आत गेले, हवा काही येईना.

आता खरी गंमत. पापुद्रा उलटा केला तर त्याच्या मागच्या बाजूला तपकिरी थर, बारीक, बोटाला लागला की मऊ पिठासारखा. पोयटा. मिस्त्रींनी टॉर्च मारून दाखवलं, टाकीच्या आत आडव्या पत्र्याच्या पट्ट्या असतात, डिझेल डचमळू नये म्हणून, त्यांच्या मागच्या कोपऱ्यात साखळी आणि खडी पोचलीच नव्हती. २०१९ चा गाळ तिथं तसाच, त्याच्यावरच कोटिंग मारलेलं. पत्र्याला धरलंच नाही, मातीला धरलं. आणि डिझेल खाली शिरून शिरून सुटत गेलं. सांगलीत फिरवताना कधी पंधरा मिनिटांच्या वर चालवली नाही, कधी जोराची ओढ नाही, म्हणून कळलं नाही. चढाला पूर्ण ॲक्सिलरेटर दाबला की ओढ वाढते आणि पापुद्रा जाळीवर.

रेडिएटरवाल्याचं नाव विचारू नका, तो पण आमच्यासारखाच पुरातनं उठलेला माणूस आहे, त्या वर्षी त्याच्याकडं दोनशे टाक्या आल्या असतील. आणि माझीही चूक, मी इंजिन तीनदा उघडून बघितलं, टाकीत एकदाही टॉर्च मारली नाही. बॉडीच्या रंगाला मात्र चार वेळा जाऊन शेड बघितली.

कराडी_डिझेल | ९.२२

मग आता काय, परत कोटिंग?

पूरग्रस्त५४० | ९.४०

नाही. मिस्त्रींनी टाकीचा वरचा पत्रा कापून उघडायचं ठरवलं, त्याआधी टाकी तीनदा साबणाच्या गरम पाण्यानं धुतली आणि कापताना पाण्यानं भरून ठेवली, कारण रिकाम्या टाकीत डिझेलची वाफ असते, तिथं ग्राइंडर किंवा वेल्डिंग लावणं म्हणजे सुतळी बॉम्ब. (हे घरी करू नका, खरंच करू नका.) आत वायर ब्रशनं पूर्ण पांढरा पत्रा काढला, परत वेल्डिंग, पाण्यात बुडवून लीकेज बघितलं, वाळवून डिझेलनं खंगाळली. कोटिंग नाही. टाकी भरलेली ठेवायची म्हणजे आत दव धरत नाही, एवढंच. आणि टाकी ते फीड पंप ह्या लाईनीत एक पारदर्शक छोटा फिल्टर टाकलाय, बॉनेट उघडलं की डोळ्यांना दिसतो.

मिरजेचा_मी | ९.४५

आणि कोयनानगर?

पूरग्रस्त५४० | ९.५१

पुढच्या मंगळवारी. कुंभार्ली घाट उतरून चिपळूणपर्यंत जायचा विचार आहे. काकू म्हणतात कॅन सोबत घ्या, बसायला बरा पडतो.

काका_डेपोवाले | ९.५८

घाट ज्या गिअरला चढाल त्याच गिअरला उतरायचा. चारी ड्रम आहेत, तापले की पायाखाली काही राहत नाही. ब्रेकवर पाय ठेवून उतरणारे ड्रायव्हर मी फार बघितलेत, उतरल्यावर सगळे म्हणतात ब्रेक लागलाच नाही.

नवखा_पलूस | १०.१५

नमस्कार, मी नवीन आहे. आमच्याकडं पण एक जीप २०१९ च्या पुरातली आहे, भिलवडीला पाहुण्यांच्यात, इंजिन काम झालंय, आता रंगाला द्यायची आहे. क्रीम चांगला दिसेल का लाल?

काका_डेपोवाले | १०.१७

टाकी उघड आधी. मग रंगाचं बोलू.